कमरोद्दीन पिंजाऱ्याचं उठणं

भर दुपारी घरामागच्या संडासात उकिडवा बसलेला कमरोद्दीन पिंजारी उठायला गेला आणि त्याला उठताच येईना.

गुडघ्यांवर हात टेकून त्यानं जोर लावला. मांड्या लटलट कापल्या, अंग वीतभर वर आलं आणि पुन्हा खाली बसलं. दुसऱ्यांदा लावला तर तेवढंही नाही. एवढ्यातच छाती वरखाली व्हायला लागली. तोंड उघडं, डोळे ताणलेले, आणि हवा घशापाशी येऊन अडून बसलेली. समोर पत्र्याचं दार, आतून कडी लावलेली. बोटं कडीपर्यंत पोचत नव्हती, आणि पुढं कलावं तर तोंडावर पडायची भीती. हाक मारावी तर हाकेला श्वास लागतो. तो कुठून आणायचा?

बाहेर रस्त्याकडेच्या दुकानात त्याचा पोरगा अबुजर रुई पिंजायचं मशीन चालवत होता. त्या घरघरीत बापाची हाक बाहेर निघाली असती तरी विरून गेली असती. इथंच, असाच, कमरोद्दीनच्या मनात आलं. दार तोडतील आणि लोक मला असाच बघतील. मरणाहून त्याला त्या बघण्याची जास्त भीती वाटली. हाताला टमरेल लागलं. ते उचलून तो पत्र्यावर आपटत सुटला.

ऐकलं सुनेनं. गजाला मोरीत भांडी घासत होती.

"अब्बा? काय झालं अब्बा?"

नुसतं टमरेल वाजत राहिलं. तिनं दाराला लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी उखडली. एक नजर पडली तशी तिनं मान फिरवली, डोक्यावरची ओढणी काढून मागच्या मागं त्याच्या अंगावर टाकली, मग काखेत हात घालून त्याला उभा केला. धरून खाटेपर्यंत आणला. पाणी दिलं. आणि भांड्यांकडं परत गेली.

सुनेसमोर डोक्यावर टोपी नसली तरी सासऱ्यानं चुळबुळावं, असं ते घर. त्या दिवसापासून कमरोद्दीननं गजालाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

हा माणूस असा नव्हता. वाटूर फाट्यावर तो गादीवाला चाचा. पोरवयात बापामागं रुई पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून, तिची ताणलेली तात टणटण वाजवत गावोगाव फिरलेला. पुढं मोटारीवरचं मशीन आलं, फाट्यावर पत्र्याचं दुकान झालं. लग्नसराईत नवरीच्या भरलेल्या गाद्या दोन-दोन डोक्यावर घेऊन चालायचा, आणि वर बडबड करत चालायचा. घरात बोली दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रागात दोन्ही एकदम.

नव्या रुईनं त्याची छाती गेली नाही. मारलं जुन्या गाद्यांनी. लोक बापजाद्यांच्या काळातली गादी उसवून पिंजायला आणतात. माती, ढेकणं, लेकरांचं मूत, म्हाताऱ्यांचा खोकला, सगळं तिच्यात वाळून बसलेलं असतं. मशीनमध्ये घातली की काळा धुरळा उठतो, आणि त्या चिंचोळ्या पत्र्याच्या खोलीतून तो जाणार कुठं? पिंजाऱ्याच्या छातीत. तोंडाला फडकं बांधायचं, तेही उन्हाळ्यात गळ्यात घ्यायचं. नियम करणाऱ्या एखाद्या साहेबानं त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहून दाखवावं. कारखान्याच्या धुळीला अधिकारी असतो, फाट्यावरच्या धुळीला कोण आहे? कोणी नाही. असल्या माणसांचा खोकला कोणत्याच खात्यात बसत नाही.

खोकला वाढला, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा जालन्याच्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढून सांगितलं, "फुफ्फुसं खराब झालीत, पुरती बरी व्हायची नाहीत. पंप ओढा. धुळीत जाऊ नका. आराम करा."

पहिलं सगळं खरं होतं. शेवटच्या शब्दानं घात केला.

कारण आराम म्हणजे काय, हे पिंजाऱ्याच्या घराला दुसरं कोणी शिकवायला नको. अबुजरनं बापासाठी गादी भरली. निवडक रुई, दोनदा पिंजलेली, नवरीच्या गादीला लागते तिच्या दीडपट. वरचे टाके मदिनानं, म्हणजे कमरोद्दीनच्या बायकोनं, स्वतःच्या हातानं घातले, मुद्दाम सैल, नवऱ्याला कुठं टोचू नये म्हणून. माणूस तिच्यावर टेकला की कमरेपर्यंत आत. तिच्यातून बाहेर यायला धडधाकट माणसाला दोन्ही हातांचा रेटा लागायचा. फाट्यावरचे लोक येऊन हात फिरवून बघून गेले. म्हणाले, पोरगा असावा तर असा.

झालं. पाणी खाटेवर, भाकर खाटेवर, नमाजाआधी हातपाय धुवायचं वुजूचं पाणी तसराळ्यात खाटेवर, नमाज खाटेवर बसूनच. जरा कूस बदलली की घर धावायचं, "अब्बा, तुमी हलू नका, बिलकुल हलू नका." आपल्याकडं प्रेम असंच असतं. ज्याच्यावर करायचं त्याला बसवून ठेवायचं.

कमरोद्दीनलाही ते बरंच वाटलं. तो भ्यालेला होता. उठलं की दम लागायचा. दम लागला की मरण दारात दिसायचं. म्हणून उठायचंच नाही. मग पुढच्या वेळी नुसतं खाटेवरून मोरीपर्यंत गेलं तरी दम. त्याला वाटायचं, छाती चालली, रोज थोडी थोडी चालली. पायजम्याच्या आत काय वाळत चाललंय, तिकडं त्याचं ध्यान नव्हतं, कोणाचंच नव्हतं.

कारभारी, त्याचा जुना दोस्त, फाट्यावर चहाचं हॉटेल चालवायचा. रोज येऊन खाटेच्या कडेला बसायचा.

"कमऱ्या, निजाम झालास रे तू. आमची बायको आम्हाला गोणपाट देईना."

कमरोद्दीन हसायचा, हसला की खोकायचा. मग कारभारीचं तोंड उतरायचं. "हसू नको बाबा. माह्या साडूचं असंच झाल्तं. संडासला जाता जाता गेला, वाटंतच. म्हणून म्हणतो, उठूच नको."

एवढं बोलून तो निघून जायचा आणि ते वाक्य खाटेवर बसून राहायचं.

संडासातल्या त्या दुपारनंतर कमरोद्दीननं कोणाला न सांगता एक उपाय काढला. पाणी पिणं तोडलं. भाकरीत अर्धी कमी केली. पोटात काही गेलंच नाही तर तिकडं जायचं काम पडणार नाही, असा त्याचा हिशोब. मदिना ताटातली उरलेली भाकर बघून कपाळाला हात लावायची. "जेवा ना हो. आजाऱ्यानं खावं."

"भूक न्हाई."

गजालाला कारण ठाऊक होतं. तिनं फक्त नवऱ्याला एवढं सांगितलं, की अब्बांना तिकडं एकटं सोडू नका. अबुजरनं त्यातून आपला अर्थ काढला. संध्याकाळी बापाजवळ येऊन म्हणाला, "अब्बा, जालन्याला खुर्ची मिळती. मधी भोक, खाली भांडं. खाटेजवळच ठेवू. तुमाला उठायचं कामच न्हाई."

"कुठं ठेवशील?"

"इथंच. पडदा लावू."

"अन् भांडं कोण उचलंल?"

घरात दोन बायका. एक बायको, एक सून. कमरोद्दीननं भिंतीकडं तोंड केलं. ती खुर्ची वाईट नसते, ज्याला लागते त्याला ती उपकारच करते, हे इथं सांगितलं पाहिजे. पण कमरोद्दीनला तिच्यात आपला शेवट दिसला. आधी उभं राहणं गेलं, आता हेही पडद्यामागं. यानंतर खाटेवरून माणूस निघतो तो चौघांच्या खांद्यावर.

पाण्यावाचून किती दिवस निघणार? एका सकाळी बसल्या जागी त्याचे डोळे फिरले. जीपमध्ये घालून त्याला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेपाशी एक पोरगी येऊन उभी राहिली. फिजिओथेरपीवाली, आकांक्षा, टेंभुर्णीची.

"चाचा, उठा. या खुर्चीत बसा."

"मी दम्याचा पेशंट हाय."

"तेच वाचून आले."

तिनं त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पायजम्यावरूनच मांडी दाबून बघितली. "ही मांडी आहे का मनगट? माझी आजी याच्यापेक्षा तगडी आहे."

"तोंड सांभाळ पोरी."

"सांभाळते. हात छातीवर घ्या आणि हाताचा टेकू न घेता उभे राहा."

मदिना मधे पडली. "बाई, त्यांना उठवू नको. डॉक्टरनं आराम सांगितलाय."

"चाची, आराम झाला. लई झाला."

कमरोद्दीन एकदा उठला. दुसऱ्यांदा अर्ध्यात गेला आणि धाडकन बसला. तोंड उघडलं, डोळ्यांपुढं ते पत्र्याचं दार आलं. "मेलो," तो म्हणाला, "मेलो मी, बोलाव डॉक्टरला."

पोरगी हलली नाही. त्याच्या बोटाला रक्तातली हवा मोजायचा चिमटा लावून आकडा बघत होती. "ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करा. हळू सोडा. आत घ्यायची घाई करू नका, आधी बाहेर सोडा." थोड्या वेळानं तिनं चिमटा त्याच्यापुढं धरला. "बघा. एवढ्या उठण्याला तुमची छाती अजून पुरती आहे. आधी मांड्या थकल्या. मांडी कमजोर झाली की तेवढ्याच कामाला जास्त हवा मागते, आणि ती हवा तुमच्या छातीजवळ आधीच कमी. फुफ्फुसं मला बदलता येत नाहीत. मांड्या तुम्हाला बदलता येतात."

"दम लागल्यावर माणूस मरतो."

"लागू द्यायचा. थोडा. मग बसायचं. परत आला की परत उठायचं. छातीत दुखलं, ओठ निळे पडले, चक्कर आली, तर थांबायचं आणि सरळ इकडं यायचं."

"अन् दम न्हाईच परत आला तर?"

"आत्ता गेल्ता ना? माझ्याशी भांडून राह्यलात, म्हणजे आलाय."

कमरोद्दीन जास्तच चिडला. आकांक्षानं मदिनाला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं, आणि ती दाराबाहेर गेल्यावर आवाज खाली करून विचारलं, "संडासात बसल्यावर उठता येतं का चाचा?"

तो म्हातारा, ज्यानं आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, त्या पोरीसमोर टोपी तोंडावर ओढून रडला.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवायची आणि तिच्यावरून उठायचं-बसायचं. आधी पंप ओढायचा. बसून पायाला पाण्याची भरलेली बाटली बांधून पाय वर करायचा. अंगणात चालायचं, बोलता येईल पण बोलताना थांबावं लागेल, एवढ्या चालीनं. अंडं, डाळ खायची. पाणी प्यायचं. आणि ती गादी काढायची.

गादीचं ऐकून अबुजरचा चेहरा पडला. "माझी गादी वाईट झाली?"

"गादी बराबर हाय बेटा. मी तिच्यात बुडलो."

त्यानं गादी काढली खरी, पण दोन दिवस बापाशी धड बोलला नाही. मदिना तर उघड भांडली. खुर्ची उचलून शेजारच्यांच्या घरात नेऊन ठेवली. "उठबस करता करता काही झालं, तर ती पोरगी कफन शिवायला येणार हाय का?"

गजाला गेली आणि खुर्ची परत घेऊन आली. भिंतीला टेकवली. सासू बघत राहिली. मग गजाला पहिल्यांदा सासऱ्यासमोर उभी राहून बोलली, मान खाली घालूनच. "अब्बा, मी दार एकदा तोडलंय. मला दुसऱ्यांदा तोडायचं न्हाई."

मदिनाला तेव्हा कळलं, काय झालं होतं ते. ती खाली बसली. खुर्चीला पुन्हा हात लावला नाही तिनं, पण नवरा उठायला लागला की स्वयंपाकघरात जाऊन तोंडानं दुवा पुटपुटत बसायची.

कोणी असं समजू नये, की कमरोद्दीनची भीती गेली. रोज भ्यायचा. खुर्चीवर बसला की हाताला घाम सुटायचा. उठताना गुडघे वाजायचे, छाती धावायची, आणि दर वेळी वाटायचं की आज श्वास परत नाही येणार, आज हा शेवटचा. ओठ आवळून तो श्वास सोडत राहायचा. यायचा. उशिरा यायचा, पण यायचा. कारभारी चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. "अरे, हे काय शाळेत बाकावर उभं केल्यासारखं?"

"तुझ्या साडूला कोणी उभं केलं न्हाई," कमरोद्दीन दोन श्वासांत म्हणाला, "म्हणून गेला तो."

महिन्यानं तो मोरीपर्यंत न टेकता जाऊ लागला. संडासला गजाला नाही, अबुजर बरोबर यायचा, दाराबाहेर उभा राहायचा आणि उठताना हात द्यायचा. कमरोद्दीन तो हात घ्यायचा. हाताशिवाय उठायची हिंमत होत नव्हती.

मग थंडी पडली आणि छातीत कफ भरला. पिवळा बेडका, ताप, पुन्हा दवाखाना, पुन्हा खाट. आठ-पंधरा दिवसांत मांड्या पुन्हा लुळ्या. घरी आला तेव्हा खाटेजवळ ती भोकाची खुर्ची उभी होती, नवीकोरी, प्लास्टिकसकट.

"अब्बा, हट्ट पुरे झाला," अबुजर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. बापाला जीपमध्ये घालून नेताना पोरगा काय काय मनात आणून बसला होता, ते बापाला दिसलं. दुसऱ्या दिवशी कमरोद्दीन भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकदा उठला. बसला. हाय अल्ला म्हणाला. पुन्हा उठला.

खाटेजवळच्या खुर्चीचं प्लास्टिक मात्र कोणी काढलं नाही. त्यानं काढू दिलं नाही.

होळीच्या आसपासची एक दुपार. अबुजर आणि गजाला परतूरला एका लग्नाच्या वलीम्याच्या जेवणाला गेलेले. मदिना म्हणाली, "शेजारी निवडायला दिलेली डाळ आणते, ही आलेच." ती गेली आणि कमरोद्दीनच्या पोटात कळ आली.

त्यानं वाट बघितली. मदिना येईना. कळ थांबेना. त्यानं त्या भोकाच्या खुर्चीकडं बघितलं. दोन पावलांवर होती. प्लास्टिक ओढून काढायचं, बसायचं. घरात कोणी नाही. कोणाला दिसणार नाही. नंतर मदिना काही न बोलता भांडं उचलेल, आणि उद्यापासून पडदा लागेल.

त्यानं पंप ओढला. थोडं थांबला. मग भिंत धरत मागच्या दारानं बाहेर पडला.

दार नुसतं लोटलं. बसणं सोपं होतं, बसणं नेहमीच सोपं असतं. उठायची वेळ आली तेव्हा त्याच्या कानात घुमायला लागलं. बाहेर मशीन बंद होतं, रस्त्यावरून ट्रक जात होते. हात द्यायला कोणी नाही. तो पुढं कलला, नाक गुडघ्यांपुढं येईपर्यंत, जसं त्या पोरीनं शिकवलं होतं, आणि जोर लावला. मांड्या कापल्या. वीतभर वर आला. आणि खाली.

तीच जागा, तीच थरथर. घशात हवा अडली आणि त्याला वाटलं, संपलं, या वेळी टमरेल ऐकायलाही कोणी नाही. हात भिंतीवर सटासट फिरायला लागले. आत ओढू पाहत होता आणि आत काही जात नव्हतं.

आधी बाहेर सोड.

त्यानं ओठ आवळले. फू. पुन्हा फू. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुन्हा. किती वेळ तसा बसला, त्याला सांगता आलं नसतं. छाती जरा खाली आली. तो पुन्हा पुढं कलला, श्वास सोडता सोडता उठला, मांड्यांत कोणी आग लावल्यासारखी कळ गेली, पण अंग वीतभराच्या वर गेलं, कमरेला आलं, आणि तो उभा होता. भिंतीला गाल लावून उभा होता.

बाहेर येऊन तो पायरीवर कोसळल्यासारखा बसला.

घरातून मदिनाची किंकाळी आली. तिनं रिकामी खाट बघितली होती. "अबुजरके अब्बा! या अल्ला, कुठं गेले हो!" सुपातली डाळ सांडल्याचा आवाज झाला. ती मागच्या दारात आली, पायरीवर त्याला बघितलं, आणि तिचा हात छातीवर गेला. "काय झालं? पडले का? बोला ना! बोलत काहून न्हाई?"

त्यानं एक बोट वर केलं. थांब. ओठ आवळून सोडत राहिला. ती रस्त्याकडं धावायला निघाली, तशी त्यानं तिचं मनगट धरलं. दोघांत तीच जास्त कापत होती.

"संडासला... गेल्तो," तो म्हणाला.

"एकटे?"

त्यानं मान हलवली.

ती वाकून त्याच्या काखेत हात घालायला लागली. त्यानं तिचा हात बाजूला केला.

"हात नको. समोर उभी राह्य."

"अन् पडले तर?"

"पडलो तर धर," कमरोद्दीन म्हणाला, आणि पायरीवरून उठायला पुढं कलला. "आधी नको."

मदिना दोन्ही हात पसरून उभी राहिली. बोटं त्याच्या खांद्यांपासून दोन अंगुळं दूर. डोळे तिनं मिटून घेतले होते.